दोराला चार हात झोळ

आमच्या विज्ञानाच्या सरांच्या हाती एखादी वस्तू दिली की ती धड परत येईल याची खात्री नसायची. छत्री दिली तर काडी वाकवून बघणार, चप्पल दिली तर अंगठा ओढून बघणार. एकदा हेडमास्तरांनी त्यांना आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर यांनी आधी तिला बांधलेला लाल दोरा ताणून तोडला आणि मग पत्रिका वाचली. “छान आहे,” म्हणाले. दोरा छान की स्थळ छान, हे हेडमास्तरांना कधीच कळलं नाही.

मुलं त्यांना पाठीमागे तोडमास्तर म्हणायची. मीही म्हणायची, खोटं कशाला बोला. उंच, काटकुळे, डोक्याला पूर्ण टक्कल, आणि सायकलच्या हँडलला नेहमी चार-पाच दोरांची भेंडोळी. डहाणू रोडच्या बाजारातून ते जायला लागले की किराणावाले आपल्या सुतळीच्या गुंड्या आत सरकवायचे. तलासरीच्या आठवडी बाजाराला तर ते मुद्दाम एस.टी.नं जायचे. तिथे पाड्यावरची माणसं केवणीच्या झुडपाच्या सालीची दोरी वळून विकायला आणत. सर बोटाभोवती दोरी गुंडाळून एकेक करत ओढून बघत बसायचे, विकत घ्यायचे एखादीच. एक म्हातारी त्यांच्यावर एकदा अशी करवादली, “घेयाची तं घे मास्तर, नाय तं ठेव खाली!” शेजारचा गुजराती दुकानदार हसत म्हणाला, “मास्तर, दोरडी लेवानी छे के तोडवानी?” सर अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “तोडवानी.”

राहायचे आशागडला, एका चिकूच्या वाडीतल्या एकुलत्या एक खोलीत. वाडीच्या मालकाला त्यांनी एका सोमवारी सांगितलं, “तुमच्या विहिरीचा दोर गुरुवारपर्यंत टिकेल.” मालक हसला. बुधवारी सकाळी दोर तुटून कळशी विहिरीत गेली. मालक घाबरून सरांना साधू-बैरागी समजायला लागला, आणि सर मात्र दिवसभर तोंड पाडून वर्गात. का, तर एका दिवसानं चुकले म्हणून!

त्यांचा एकच प्रश्न होता. काहीही तुटलं, मोडलं, फाटलं की दुसरी माणसं विचारतात, कोणी तोडलं? सर विचारायचे, “कुठे तुटला?” मग तुटलेली दोन टोकं नाकाजवळ धरून बघत बसायचे. गाठीपाशी तुटला का मधे, झिजून तुटला का झटक्यानं, सगळे धागे एकदम गेले का एकेक करत. “तुटणाऱ्या वस्तूनं आपलं सगळं सांगून टाकलेलं असतं,” म्हणायचे, “आपण रडत बसतो म्हणून ऐकू येत नाही.”

हाच प्रश्न ते माणसांनाही विचारायचे. आठवीच्या सहामाहीत मी गणितात नापास झाले. वर्गात एकूण सहा मुली, त्यात मी नापास. कोपऱ्यात उभी राहून मुळूमुळू रडत होते. सर आले. रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. म्हणाले, “कुठे तुटलीस?” मी म्हटलं, “अपूर्णांकात.” त्यांनी पेपर उलटसुलट करून बघितला. “मग बाकीचा दोर चांगला आहे की,” म्हणाले, आणि रोज मधल्या सुट्टीत मला अपूर्णांक शिकवायला लागले. माझं मन जन्मात कोणी इतकं हलकं केलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांची.

केसांची भानगड त्याच वर्षीची. सरांनी वर्गात जाहीर केलं की उद्या प्रत्येकानं आपापला एक लांब केस आणायचा. त्याला काडेपेटीचं रिकामं खोकं बांधून त्यात वाळू टाकत जायची, केस तुटला की वाळू तोलायची. मी फणीतले केस कागदात घालून नेले. काय सांगू, माझा केस सात तोळ्यांना तुटला! वर्गात पहिला नंबर. मुलांचे आखूड केस आणि पाच तोळ्यांत खलास. फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं, पुढे ‘सात तोळे’. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव फळ्यावर चांगल्या कारणासाठी लागलं होतं.

मी उड्या मारत घरी आले आणि आईला सांगितलं. आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

“केस दिलेस? परक्या पुरुषाच्या हाती? अगं, फणीतला केससुद्धा आपण चुलीत घालतो, कोणी करणी करील म्हणून!”

“आई, त्यांनी वाळू तोलली.”

“वाळू तोलली म्हणे! टकल्या माणसाला केस कशाला लागतात, मी विचारते!”

बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. आईनं त्यांना दुसऱ्या दिवशी शाळेत पिटाळलं. बाबा गेले तक्रार करायला आणि परत आले तासाभरानं, हातात एक तुटलेली सुतळी घेऊन. जेवताना स्वतःशीच म्हणाले, “आपल्या गठड्यांची सुतळी नेहमी गाठीपाशीच तुटते. वीस वर्षं बघतोय, पण कधी लक्षात आलं नाही.” आईनं ताट आपटलं. तेव्हापासून घरात सरांचं नाव काढायची सोय राहिली नाही.

आता यातली खरी गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या शाळेत विज्ञान आठवीपर्यंतच होतं. नववीपासून मॅट्रिकपर्यंत ते शिकवायचं तर खात्याची परवानगी हवी, आणि परवानगीला प्रयोगशाळा हवी. आमच्याकडे एक थर्मामीटर, एक भिंग आणि सांगाड्याचं एक चित्र होतं, त्यालाही वाळवी लागलेली. आदल्या वर्षी अर्ज परत आला होता. मुलं मुंबईला काका-मामाकडे जाऊन शिकत. मुलींना कोण पाठवणार? बाबांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, “इथं परवानगी आली तर शीक. गावाबाहेर पाठवणार नाही.” आणि आईनं तर बाजारपेठेतल्या शिवणाच्या क्लासमध्ये माझं नाव घालायचं पक्कंच केलं होतं. मला साधी तुरपाई यायची नाही. पण विज्ञान यायचं. ते मला हवं होतं, दुसरं काहीच नको होतं. इन्स्पेक्टरसाहेब जानेवारीत येणार होते, आणि त्यांच्या एका शेऱ्यावर माझं सगळं होतं.

“प्रयोगशाळा नाही म्हणतात ना,” सर म्हणाले, “मग आपण त्यांना प्रयोग दाखवू.”

मैदानात दोन सुरूची झाडं होती, एकमेकांपासून दहा हातांवर. सर महिनाभर आम्हाला तिथेच शिकवत होते. आधी त्यांनी वर्गातल्या दोन दांडग्या पोरांना दोराची दोन टोकं दिली आणि मधे फक्त एक पाटी लटकवली. “दोर सरळ करा. झाला तर मी नोकरी सोडतो.” पोरांनी जीव खाऊन ओढलं, तोंडं लाल झाली, टाचा वाळूत रुतल्या, पण पाटीपाशी दोर जरासा खाली तो खालीच. आम्ही हसून हसून बेजार. सर म्हणाले, “पाटी वर उचलायला दोर थोडा तरी वर बघायला हवा. आडवा दोर पाटी उचलत नाही, नुसती तुम्हा दोघांची ओढाताण करतो.”

मग त्यांनी गवताच्या वखारीतून गठड्या तोलायचा हूकचा काटा मागून आणला. तो दोरात मधे अडकवायचा, टोपलीत दगड भरायचे, आणि झोळ कमीजास्त करत काटा वाचायचा. झोळ म्हणजे दोर मधे जितका खाली लोंबतो तेवढा. आम्ही एक तक्ताच केला. दहा हातांच्या अंतरावर तीन हात झोळ असला की दोरातला ताण टोपलीच्या वजनाइतकाच. दीड हात झोळ, की जवळजवळ दुप्पट. अर्धा हात झोळ, की पाचपट! तक्ता माझ्या अक्षरात वर्गाच्या भिंतीवर लावलेला होता. पाढ्यांपेक्षा तो मला जास्त पाठ होता.

साहेबांसाठी बेत असा होता. एकाच भेंडोळ्यातले अंबाडीचे दोन दोर झाडांना बांधायचे, एक ताठ आणि एक दोन हात झोळ दिलेला. साहेबांना विचारायचं, कुठला बळकट दिसतो? ते अर्थात ताठ म्हणणार. मग दोन्हींवर दीड मणाची तीच टोपली टांगायची. ताठ दोर तुटणार, ढिला टिकणार. सरांनी आदल्या दुपारी स्वतः झोळ मोजून दोर बांधले आणि आशागडला गेले.

आणि मग शाळा साहेबांच्या स्वागताला लागली. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे एक रीतच होती, दिसेल ते सरळ करायचं. वाटेच्या कडेचे दगड सरळ रेषेत मांडून त्यांना चुना फासायचा, मुलांच्या टोप्या सरळ, नकाशे सरळ. ड्रिलमास्तर मैदानात आले, त्यांनी तो लोंबणारा दोर बघितला आणि ओरडले, “हे काय गबाळ्यासारखं? साहेबांपुढे दोर लोंबतोय! ओढून घ्या जरा, आणि पताका लावा त्याला.”

मी तिथेच होते. तक्ता ज्या हातानं लिहिला त्याच हातानं मी तो दोर सोडला, ओढला आणि पुन्हा बांधला. पूर्ण ताठ नाही केला हं. म्हटलं हातभर तरी राहू दे, दिसायलाही बरा आणि टोपलीही पेलेल. साहेबांनी आमच्यावर खूश व्हावं, एवढंच डोक्यात होतं. माझ्याइतकी गरज कोणाला होती! सकाळी शिपायानं मैदानात धूळ बसावी म्हणून बादल्या उडवल्या, त्यात पताकांसकट दोर चिंब भिजले.

साहेब सकाळच्या गाडीनं आले. चांगले भरभक्कम, कोट-टोपी घातलेले, कपाळावर कायमची आठी. सर त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले होते, तिथून सरळ मैदानात आले. पताका बघून सरांनी कपाळाला हात लावला, पण त्या झालरीमागचा दोर त्यांना नीट दिसला नाही. सगळं ठरल्यासारखं सुरू झालं. साहेब ताठ दोराकडे बोट दाखवून म्हणाले, “उघड आहे, हा.” टोपली टांगली. काड्! ताठ दोर तुटला. मुलांनी टाळ्या पिटल्या. सर हात चोळत म्हणाले, “आता हा बघा, साहेब.” टोपली दुसऱ्या दोराला टांगली.

काड्.

टोपली उपडी, दगड साहेबांच्या बुटांपर्यंत घरंगळत गेले. साहेबांनी वही उघडली आणि म्हणाले, “मास्तर, तुमचे दोन्ही तुटले. खात्याला काय कळवू?” हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. ड्रिलमास्तर आभाळाकडे बघायला लागले. शिवणाच्या क्लासची पायडल मशीन मला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसली.

सर मात्र साहेबांना उत्तर द्यायच्या ऐवजी त्या दोराकडे धावले, तुटलेलं टोक नाकाशी धरलं आणि मोठ्यांदा विचारलं, “कुठे तुटला?”

आम्हालाच विचारत होते. मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण त्या माणसानं मला ‘कुठे तुटलीस’ म्हणून विचारलं होतं आणि सगळं जग त्यांना हसायला टपलं होतं, ते माझ्यानं बघवेना. मी पुढे झाले.

“खोडाच्या गाठीपाशी तुटला, सर. आणि झोळ मी काढला.”

“किती?”

“दोन हातांचा एक हात केला.”

“एक हात?” सरांनी मान हलवली. “एका हाताला तुटायला नको होता. जेमतेम का होईना, टिकायला हवा होता.” साहेबांना ते पार विसरले होते.

तेवढ्यात मागून आमच्या वर्गातला, झाई बंदराहून येणारा मुलगा बोलला. त्याच्या घरची होडी होती, दोरांत जन्म गेलेला. “सर, दोर भिजलाय. अंबाडी भिजली की आखडते. आमच्याकडे बोंबील सुकवायचे दोर कोण ताठ बांधीत नाय, दवानं एका रात्रीत बांबू उपटून येतील.”

सरांचा चेहरा असा उजळला, जणू दोर तुटल्याबद्दलच त्यांना बक्षीस मिळालं होतं. “ऐकलंत, साहेब? अर्धा झोळ हिनं काढला, उरलेला पाण्यानं! मला हे सुचलंच नव्हतं!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आता तूच बांध. तूच सांग.”

तिसरा दोर नव्हता. त्या दोन तुटक्या दोरांचीच टोकं झाईच्या मुलानं होडीच्या गाठीनं जोडली. साहेबांच्या कपाळावरची आठी थोडी हलली. “तुटके दोर बांधून काय होणार?”

माझा आवाज कुठून आला कोण जाणे. “साहेब, खोडाला बांधल्यावर दोर चार मणांचा आहे. मधे जोडगाठ आली की निम्मा धरायचा, म्हणजे दोन मणांचा. तीन हात झोळ दिला की टोपलीचं जेवढं वजन तेवढाच ताण. टोपली दीड मणाची. म्हणजे टिकणार.”

“हे कोणी सांगितलं?”

“आम्ही मोजलंय. काट्यानं. एकशे बारा वेळा.”

मी तीन हात मोजून दोर बांधला. टोपली टांगली. दोर करकरला आणि थांबला. टिकला! मगाशी अखंड दोर तुटला होता, आता गाठ मारलेला टिकला. मुलं ओरडायला लागली. साहेबांनी हात वर केला तशी गप्प झाली. ते दोराजवळ आले, गाठ चाचपून बघितली, आणि काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, “मला पेलेल का?”

हेडमास्तर “अहो साहेब, नको” म्हणत पुढे आले. सरांनी त्यांना हातानं थोपवलं आणि माझ्याकडे बघितलं. “सांग.”

आता वजन कळल्याशिवाय कसं सांगणार? मी विचारलं, “साहेब, तुमचं वजन किती?”

सगळ्या शाळेपुढे! ड्रिलमास्तरांनी डोळे मिटले. साहेब खोकले. “दोन मण. म्हणजे, जवळपास.”

ते जवळपास मला आवडलं नाही. तीन हातांवर दोराला अगदी काठोकाठ ताण आला असता, आणि साहेब चार शेर लपवताहेत असं मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, “चार हात झोळ द्यावा लागेल.” दोर वर चढवून, चार हात मोजून पुन्हा बांधला. टोपलीच्या जागी बाकाची फळी अडकवली. साहेबांनी टोपी माझ्या हातात दिली, फळीवर बसले आणि हळूच पाय उचलले.

दोर करकरला. गाठ आवळली. सुरूच्या फांद्यांची सळसळ ऐकू येत होती. एक श्वास, दोन श्वास, तीन. आणि साहेब त्या तुटक्या दोरावर, जमिनीपासून वीतभर वर, कोट-बुटांसकट झोके घेत होते! त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. आख्खं मैदान किंचाळत होतं. झाईचा मुलगा कोलांट्या उड्या मारत होता. सर एका बाजूला उभे राहून फक्त गाठीकडे बघत होते आणि डोळे पुसत होते. साहेबांनी आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच जास्त झोके घेतले, हेही नमूद करते.

शेरा त्यांनी तिथेच फळीवर बसून लिहिला. हेडमास्तरांनी तो पुढे वर्गात वाचून दाखवला, म्हणून शब्दन् शब्द लक्षात आहे. ‘प्रयोगशाळा नाही. प्रयोग आहेत. परवानगी द्यावी.’

मी घरी धावतच आले. बाबांना स्टेशनवरच सगळं कळलं होतं. साहेब परतीच्या गाडीची वाट बघताना स्वतःच सांगत बसले होते म्हणे. बाबा दारात उभे होते. म्हणाले, “शिवणाच्या बाईंना नाही म्हणून कळवून टाकतो,” आणि मला जवळ घेतलं. आई आत होती. बाहेर आली नाही. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघाले तर आईनं मला हाक मारली. हातात वर्तमानपत्राच्या कागदाची एक छोटी पुडी होती, दोऱ्यानं घट्ट बांधलेली.

“तुझ्या मास्तरांना दे.”

“काय आहे?”

आई चुलीकडे वळली. “माझे केस. तुझ्यापेक्षा जाड आहेत. म्हणावं, नीट मोजा.”

सरांनी वर्ग सुरू करायच्या आधी मोजले. साडेआठ तोळे! माझं नाव पुसून फळ्यावर आईचं नाव लिहिलं, आणि ते वर्षभर कोणाला पुसू दिलं नाही. शाळेची पायरी कधी न चढलेल्या माझ्या आईचं नाव. संध्याकाळी मी घरी सांगितलं तेव्हा तिनं अंबाडा सोडला, केस पाठीवर मोकळे टाकले आणि रेल्वे क्वार्टर्सच्या सगळ्या बायकांना सांगून यायला निघाली.